चिठ्ठीवाले सर

मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं, असं गुरुजी माइकवरून पुन्हा पुन्हा ओरडत होते आणि मुलीचे मामा मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये उभे राहून पान एकेचाळीस मोठ्याने वाचत होते. समोर आमचे सर. एका हातात डिंकाची बाटली, दुसऱ्या हातात कागदाची चिठ्ठी. मामा शेवगावकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते, त्यांच्याकडे सरांचं पुस्तक होतं आणि ते गाडीच्या डिकीत होतं, एवढं सरांना पुरेसं होतं. "वाचा, वाचा. शेवटची ओळ राहिली," सर म्हणत होते. मामांनी फेटा सावरत शेवटची ओळ वाचली, सरांनी चिठ्ठी पानावर दाबून बसवली आणि मगच भाचीचं लग्न पुढे सरकलं.

सर त्या लग्नाला वधूपक्षाकडून आले होते की वरपक्षाकडून, हे मला आजही माहीत नाही. मला वाटतं, पान एकेचाळीसकडून आले होते.

भिंगारच्या बाजारात एका बेकरीच्या वर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि त्याच्याच मागच्या खोल्यांत घर. मी तिथे अक्षरजुळणीला होते. म्हणजे नेमणूक अक्षरजुळणीची, पण चहा सोडून सगळं करत असे. चहा सर स्वतः करायचे, कारण माझ्या चहात पायऱ्या चुकतात असं त्यांचं मत होतं. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, आणि ते शेवटपर्यंत लिहीतच राहिले. विषय म्हणाल तर शाळांचं सरकारी पोर्टल. मुलांची नावं चढवायची कशी, हजेरी कशी भरायची, खिचडीचा तांदूळ कुठे दाखवायचा, दाखला कसा काढायचा. डोंगराकडेच्या एकशिक्षकी शाळेत नेटवर्क शोधत बांधावर उभ्या असलेल्या गुरुजींना हे पुस्तक म्हणजे मोठा आधार होता.

अडचण एवढीच की पोर्टल बदलायचं. आज एका नावाचं बटण उद्या दुसऱ्याच नावाचं. सोमवारी 'सबमिट', गुरुवारी 'सेव्ह', पुढच्या महिन्यात दोन्ही गायब. दुसऱ्या कुणीही नवी आवृत्ती काढली असती, नाहीतर मोबाईलवर निरोप पाठवून दिला असता. सरांना ते पटत नसे. "मोबाईलवर पाठवलं की लोक अंगठा दाखवतात. वाचलं का विचारा, तर कोण वाचतंय!" म्हणून दुरुस्तीची चिठ्ठी मी जुळवायची, बरोबर त्या परिच्छेदाच्या मापाची कापायची आणि सरांनी स्कूटर काढून ती जिल्हाभर वाचकांच्या घरी, शाळेत, बाजारात, प्रसंगी लग्नात जाऊन, त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन चिकटवायची. पारनेरपासून पाथर्डीपर्यंत एकेका पानावर चिठ्ठीवर चिठ्ठी चढत गेली. पुस्तकं फुगली. काही गुरुजी ती नाडीने बांधून ठेवत. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर पोर्टलच्या काही पानांवर जुनं नाव होतं आणि काहींवर नवं, आणि सरांनी कुठे कोणतं निवडायचं याच्या एवढ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या की माझ्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले.

नगरमधले एक पुस्तकविक्रेते मोठ्या आशेने आले होते. "सर, गठ्ठा द्या, हातोहात खपेल." सर म्हणाले, "खपेल हो. पण कुणाकडे गेलं ते मला कसं कळणार? चिठ्ठी कुणाच्या दारात घेऊन जाऊ?" विक्रेते हसले. त्यांना वाटलं, कमिशनसाठी ताणून धरतायत. सर खरंच तेवढंच म्हणत होते. एकही प्रत त्यांनी दुकानात ठेवली नाही. कोणती प्रत कोणत्या गावात कुणाच्या कपाटात आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका गुरुजींची बदली झाली तर अभिनंदन करायच्या आधी सरांनी विचारलं, "पुस्तक बरोबर नेलंत ना?"

रोज सकाळी चहाच्या आधी सर पुस्तक उघडून पोर्टलसमोर बसत आणि पान एकपासून प्रत्येक पायरी स्वतः करून बघत. टेबलावर तीन मोबाईल मांडलेले असायचे, एकाहून एक म्हातारे. "वाचकाकडे नवा फोन असेलच कशावरून?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा फोन कधीही अपडेट होऊ दिला नाही. फोन रोज विनवण्या करायचा, सर रोज नाही म्हणायचे.

खरी परीक्षा मात्र काकूंची. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळा सातवीपर्यंत, पोर्टलशी काडीचा संबंध नाही, म्हणूनच सरांनी त्यांना परीक्षक नेमलं होतं. सरांनी लिहिलेलं पान काकू वाचणार आणि लिहिलंय तेवढंच करणार, एक बोट जास्त हलवणार नाहीत. "डावीकडचं बटण दाबा. आता डावीकडचं म्हंजी माझ्या डावीकडचं का त्या कॉम्प्युटरच्या?" सर कपाळाला हात लावत आणि ओळ पुन्हा लिहीत. एकदा पुस्तकात 'थोडा वेळ थांबा' असं होतं, तर काकू उठून भाजी निवडायला गेल्या. आल्या तेव्हा स्क्रीन बंद. "थांबा म्हणलं हुतं ना? थांबले की!" त्या ओळीत 'खुर्चीतच' हा शब्द काकूंमुळे आला.

ही दुरुस्तीची खोड पोर्टलपुरती राहिली असती तर बरं. नगरच्या स्टँडवर वेळापत्रकाच्या बोर्डावर जामखेडची एक गाडी लिहिलेली होती. ती कधीच बंद पडली होती. सरांनी माझ्यादेखत त्या ओळीवर चिठ्ठी चिकटवली: 'ही गाडी येत नाही. खात्री केली आहे.' कंट्रोलर धावत बाहेर आले.

"ओ काका, बोर्डाला काय चिकटवताय? बोर्ड सरकारी हाय!"

"गाडीपण सरकारीच होती. ती येत नाही."

"मंग काय झालं?"

"काही नाही. आता बोर्ड बरोबर झाला."

कंट्रोलरनी चिठ्ठी काढायला नख लावलं, क्षणभर विचार केला आणि आत निघून गेले. चिठ्ठी पुढे कितीतरी महिने तिथे होती. मी जाता-येता बघायचे आणि मला उगाच बरं वाटायचं.

सरांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे 'जागा'. बटणांची नावं सारखी बदलतात हे बघून त्यांनी पुस्तकातून नावंच काढून टाकली होती. 'वरून तिसरा पर्याय', 'उजवीकडे सगळ्यात खाली' असं लिहायचे. "नाव बदलतं, जागा सहसा बदलत नाही," असं ते क्लासमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आणि जागा बदललीच, तर चिठ्ठी होतीच की.

मग एका वर्षी दिवाळी झाली, कारखान्यांचं गाळप सुरू झालं, आणि जामखेड-पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं बिऱ्हाडासकट निघाली. मुलंही आईबापांबरोबर जातात. अशा मुलांना पोर्टलवर 'तात्पुरतं स्थलांतर' दाखवायचं असतं, म्हणजे नाव शाळेतच राहतं. यादीत वरून तिसरा पर्याय. पोर्टलवाल्यांनी नेमका त्याच आठवड्यात यादीत वर एक नवा पर्याय घुसवला, आणि तिसऱ्या जागी 'शाळा सोडली' येऊन बसलं. सरांनी ते दुसऱ्याच दिवशी सकाळी पकडलं. रात्रीपर्यंत मी चिठ्ठ्या कापल्या, आणि सर आठवडाभर स्कूटरवरून उतरले नाहीत. सगळ्या प्रती दुरुस्त झाल्या. सर परत आले ते उन्हाने काळवंडून आणि खूश होऊन.

मग खर्ड्याच्या पलीकडच्या एका वस्तीशाळेतून बाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सर, मी तुमच्या पुस्तकात बघूनच केलं हो. वरून तिसरं. सगळी ऊसतोडीची मुलं केली. आता यादीत नावंच न्हाईत. शाळा सोडली म्हणून दाखवतंय."

सर गोंधळले. "बाई, त्या भागात माझी प्रत नाही. तुमच्याकडे पुस्तक कुठून आलं?"

"जामखेडच्या एका गुरुजींकडून झेरॉक्स मारून घेतली. दोन वर्षं झाली."

सर खाली बसले. ज्या माणसाने दुकानात एक प्रत ठेवली नाही, त्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्सी गावोगाव फिरत होत्या आणि ती कल्पना त्यांना कधी शिवलीसुद्धा नव्हती. मला हसू येत होतं, पण बाईंचं पुढचं ऐकून ते मावळलं. शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं ऊसतोडीची. शनिवारी संध्याकाळी पोर्टलला कुलूप लागणार. तोवर नावं परत आली नाहीत तर पटावर मूठभर मुलं दिसणार आणि वस्तीची शाळा बंद करून पुढच्या गावच्या शाळेत मिसळणार. मधे ओढा, घाटाचा रस्ता. पहिली-दुसरीची पोरं तिकडे जाणार नाहीत, हे बाईंनी सांगायची गरज नव्हती.

"नावं परत घेता येतात," सर म्हणाले. "पालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा."

"तेच तर! ती माणसं ओटीपी देईनात. मागच्या साली कुणीतरी शाळेतून बोलतोय, स्कॉलरशिप आलीय म्हणून फोन केला अन् त्यांच्यातल्या एकाचं खातं साफ केलं. आता माझा आवाज वळखून पण देत न्हाईत."

"टोळी कुठे आहे?"

"राहुरीकडं. कालव्याच्या बाजूला कुठंतरी."

सरांनी फोन ठेवला, काकूंना डबा बांधायला सांगितलं आणि पायात चप्पल सरकवली. मला म्हणाले, "चल. तुझ्या फोनवर चांगला चेहरा दिसतो." हे त्यांनी माझं केलेलं एकमेव कौतुक, तेही फोनचं.

शुक्रवारी दुपारी आम्ही विचारत विचारत त्या फडावर पोचलो. ऊस पडत होता, बायका मोळ्या बांधत होत्या, बाजूला बैलगाड्या उभ्या होत्या. सरांनी अगदी वर्गात शिकवल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग डोक्याला फडकं बांधलेली एक बाई कोयता खाली न ठेवता म्हणाली, "तुमी कोन?"

"मी या पुस्तकाचा लेखक. माझ्या पुस्तकामुळेच हे झालं."

"मंग तर मुळीच न्हाई. ओटीपी कुनालाच द्यायचा न्हाई, आमच्या मुकादमानं सांगितलंय. तुमी लई शिकल्याले असा न्हाईतर कुनी बी असा."

आणि सरांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! मुलं गेली, शाळा जायला निघाली, आणि हा माणूस आनंदाने पिशवीतून पुस्तक काढून पान उलटतोय. "बरोबर! अगदी बरोबर! हे बघा, मी छापलंय. 'ओटीपी कुणालाही सांगू नये. प्रस्तुत लेखकालाही नाही.'" त्या बाईला वाचता येत नव्हतं, पण सरांच्या बोटाखालची ओळ तिने नीट निरखून बघितली.

"मंग मागता कशाला?" ती म्हणाली.

सरांनी मला फोन काढायची खूण केली. मी माझ्या फोनवरून वस्तीच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बाई दिसल्या आणि उसाच्या पाचटात खेळणारी पोरं कुठून कुठून धावत आली. "बाई! बाई! आमच्या बाई!" एकाने तर पडद्यावर गालच टेकवला. बाई रडायला लागल्या, मग रागावल्या, मग कोयतेवालीला म्हणाल्या, "अगं, माझ्या मागं फळा बघ, तुझ्याच पोरीनं काढलेलं फूल हाय, मी पुसलं न्हाई अजून."

कोयतेवालीने पडद्याकडे नीट बघितलं. कोयता खाली ठेवला. "बाईंस्नी सांगते मी. पर ह्यास्नी न्हाई." ह्यास्नी म्हणजे सरांना.

"योग्य आहे," सर म्हणाले, आणि चालत बांधाच्या टोकाला गेले. तिथे आमच्याकडे पाठ करून, दोन्ही कानांत बोटं घालून उभे राहिले. एकेक पालक पुढे येई, फोनवर आकडा येई, बाईंना तोंडाने सांगे, बाई तिकडे टाकत, आणि नाव परत आलं की पोरं ओरडत. कुणाचा फोन चार्जिंगला दूर कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत होता, तर तो आणायला माणूस पळाला. मुकादम आला, आधी चिडला, मग त्याच्याच पुतण्याचं नाव निघालं तेव्हा स्वतःच लोकांना पुढे सारू लागला. सर तेवढा सगळा वेळ बांधावर. मी ओरडून सांगितलं, "सर, झालं! सगळी आली!" पण कानांत बोटं होती, त्यांना ऐकूच गेलं नाही. मला चालत जाऊन खांद्याला हात लावावा लागला. वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मी उन्हाचं निमित्त त्यांना दिलं, त्यांनी ते घेतलं नाही.

घरी आल्यावर सर म्हणाले, "पुस्तक बंद." मला वाटलं, मिटून ठेव म्हणतायत. तर तसं नव्हतं. "मी जागा लिहिली. मला वाटलं, मी फार हुशार. एक ओळ वर सरकली आणि तेवढी पोरं शाळेबाहेर. आणि अशा किती झेरॉक्सी असतील, कुणास ठाऊक. जे मी दुरुस्त करू शकत नाही ते मी लोकांच्या हातात देऊ नये."

मी वाद घातला. काकूंनीही घातला. "मी तवाच म्हणलं हुतं, डावीकडं-उजवीकडं लिवू नगा," असं त्या म्हणाल्या, पण त्याने काही मदत झाली नाही. सकाळी सर टेबलाशी बसत ते पेपर घेऊन. तिन्ही मोबाईल पालथे. चहा मी करायला लागले आणि त्यांनी तो तक्रार न करता प्यायला, तेव्हा मला खरी काळजी वाटली. गुरुजींचे फोन येत, सर 'आता ते काम मी करत नाही' असं सांगून ठेवून देत. मी दुसरीकडे नोकरी बघायला सुरुवात केली होती. आज मी पुण्यात एका कंपनीत ॲपची मदत-पानं लिहिते. चूक कळली की तिथल्या तिथे दुरुस्त होते, आणि तोवर ती कुणी वाचली, कुणाचं काय झालं, हे मला कधी कळत नाही. त्या दिवसांत सर का गप्प होते, ते मला हल्ली जास्त समजतं.

संक्रांतीच्या सुमाराला वस्तीच्या बाई भिंगारला आल्या. जामखेडहून एसटीने, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी ती झेरॉक्स काढली. कोपरे दुमडलेली, पाठ खळीने चिकटवलेली, पुठ्ठा वर्तमानपत्राचा.

"शाळा राहिली सर," त्या म्हणाल्या. "आता चिठ्ठी लावून द्या."

"बाई, ते फाडून टाका."

"फाडून काय वापरू?"

"पोर्टलची हेल्पलाइन आहे. ॲप आहे. माझं पुस्तक चुकतं, तुम्ही बघितलंत."

बाई थोड्या चिडल्याच. "चुकतं की! ॲप पण चुकतं. हेल्पलाइनला त्या दिवशी सकाळपासून फोन लावत हुते, निस्तं गाणं वाजत हुतं. तुमाला एक फोन केला अन् तुमी उसाच्या फडात येऊन कानांत बोटं घालून उभं राहिलात. मला पुस्तक चुकल्यालं चालंल सर. चुकल्यावर येनारं माणूस पायजे."

सरांनी ती झेरॉक्स ओढून घेतली, पान उघडलं आणि मला म्हणाले, "लिहून घे. जागाबिगा काही नाही. 'पडद्यावर काय लिहिलंय ते आधी मोठ्याने वाचा. ते या पानाशी जुळत नसेल तर हे पान खोटं समजा आणि मला फोन करा.' खाली नंबर टाक. मोठ्या अक्षरात."

"सर, स्वतःच्या पुस्तकाला खोटं कोण छापतं?"

"तू जुळव गं."

मी जुळवलं. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आतून काकू 'समजलं' म्हणाल्या, आणि सरांनी चिठ्ठी बसवली. मग त्यांनी बाईंना विचारलं, "ही झेरॉक्स तुमच्याकडून आणखी कुणी मारून नेली का?"

बाई ओशाळल्या. एक बोट मोजून त्यांनी खर्ड्याच्या अलीकडचं एक गाव सांगितलं. मग दुसरं. मग त्यांना जरा आठवायला लागलं, आणि गावं येतच गेली, पाथर्डीकडची, कर्जतकडची, दोन तर शेजारच्या बीड जिल्ह्यातली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपत आली, सर पायानेच टेबलाखाली चप्पल शोधत होते, तेवढ्यात आतून काकूंनी विचारलं,

"अहो, डबा किती दिसांचा बांधू?"